वर्गातला एकेकटा माणूस: अस्तित्ववाद आणि शिक्षण (प्रस्तावना)

बी.एड.च्या वर्गात अस्तित्ववाद बहुधा सत्राच्या अखेरीस येतो. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद, वास्तववाद ही रांग सरली की त्याचा नंबर लागतो. प्रत्येक वादापुढे तेच रकाने असतात: शिक्षणाची ध्येयं, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शिक्षकाची भूमिका, शिस्त. अस्तित्ववादापुढच्या रकान्यांत 'व्यक्तिस्वातंत्र्य', 'साहित्य व कलांना प्राधान्य', 'संवादपद्धती', 'शिक्षक हा मार्गदर्शक', 'स्वयंशिस्त' असं लिहिलं की काम भागतं. परीक्षेत 'टीपा लिहा' आलं तर एवढ्यावर गुण मिळतात. यातलं एकही विधान चूक नाही. पण एवढं पाठ करून बाहेर पडलेल्या शिक्षकाला हे कळलेलं नसतं, की ज्यांनी हा विचार मांडला ती माणसं माणसाला रकान्यात बसवण्याच्या सवयीशीच जन्मभर भांडत होती.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. अस्तित्ववादातून शिकवण्याची पद्धत निघत नाही. पाठ टाचण कसं काढावं, वर्ग कसा आवरावा, हे या पुस्तकात सापडणार नाही. हा विचार शिक्षकाला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही: तुझ्यासमोर बसलेल्या मुलाचं आयुष्य त्याला स्वतःलाच जगायचं आहे, हे तुला खरोखर मान्य आहे का? आणि मान्य असेल, तर त्याला वाऱ्यावर न सोडता ते त्याच्या हाती कसं सोपवणार? आपल्याकडे या प्रश्नाचा पहिला अर्धाच चर्चेत येतो. स्वातंत्र्य, निवड, जबाबदारी हे शब्द पुष्कळ वापरले जातात. दुसरा अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि हे पुस्तक मुख्यतः त्याबद्दल आहे.

सुरुवात कोपनहेगनला करावी लागते. सोरेन किर्केगार्ड (१८१३ ते १८५५) पेशाने शिक्षक नव्हता, पण त्याचा सगळा खटाटोप शिक्षकाचा होता. १८४१ सालचा त्याचा प्रबंध सॉक्रेटिसवर आहे. १८४६ साली निघालेल्या त्याच्या एका मोठ्या ग्रंथात एका वेड्याची गोष्ट येते. हा माणूस वेड्यांच्या इस्पितळातून पळतो. शहरात आपल्याला कोणी ओळखलं तर पुन्हा धरून नेतील, अशी त्याला धास्ती असते. तेव्हा तो ठरवतो, की ज्याच्या खरेपणाबद्दल कोणालाच शंका नाही असंच काहीतरी बोलायचं. वाटेत त्याला खेळातला एक चेंडू सापडतो. तो चेंडू तो कोटाच्या मागच्या खिशात टाकतो. पाऊल टाकलं की चेंडू मागे आदळतो, आणि दर वेळी तो म्हणतो, पृथ्वी गोल आहे. पृथ्वी गोल आहेच. तरी ऐकणाऱ्याला त्याच्या वेडाची खात्री पटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणत्याही वर्गात उभं राहा, ही गोष्ट किती जवळची आहे ते कळेल. मुलं जे म्हणत असतात ते सगळं खरं असतं. फक्त म्हणणाऱ्याचा त्या खरेपणाशी काही संबंध उरलेला नसतो. किर्केगार्डला विज्ञानाचं सत्य नाकारायचं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की कसं जगायचं या बाबतीतलं सत्य माहितीसारखं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. ज्याचं त्यालाच ते आपलंसं करावं लागतं. म्हणून तो टोपणनावांनी लिहायचा, एकमेकांशी न जुळणाऱ्या भूमिका वाचकापुढे ठेवायचा आणि निर्णयाच्या वेळी स्वतः बाजूला व्हायचा. शिकवणाऱ्याने कुठे बाजूला व्हावं, हा प्रश्न तिथून पुढे या परंपरेत सतत येत राहतो.

विसाव्या शतकातले यातले बरेच जण पेशाने शिक्षकच होते, हे आपण विसरतो. नीत्शे तर त्याही आधीचा. तो चोविसाव्या वर्षी बाझलला प्राध्यापक झाला आणि १८७२ साली त्याने जर्मन शिक्षणसंस्थांच्या भवितव्यावर जाहीर व्याख्यानं दिली. ज्याँ-पॉल सार्त्र १९३१ पासून ल आव्र या बंदराच्या गावी माध्यमिक शाळेत तत्त्वज्ञान शिकवत होता. तिथल्या बक्षीस समारंभात त्याने पहिलं भाषण केलं ते सिनेमा या कलेवर. तेव्हाच्या प्रतिष्ठित पालकांना हा विषय शाळेच्या व्यासपीठावर शोभणारा वाटला नसणार. सिमोन द बोव्हार त्याच वर्षी मार्सेयला शिकवायला गेली. कार्ल यास्पर्स मानसोपचाराकडून तत्त्वज्ञानाकडे आला आणि हायडेलबर्गला शिकवू लागला. मार्टिन बुबरने आयुष्यातला मोठा काळ प्रौढशिक्षणाला दिला. त्यांचं तत्त्वज्ञान ग्रंथालयात जन्मलं असेल, पण ते तपासलं गेलं ते फळ्यासमोर.

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये सार्त्रने दिलेलं व्याख्यान पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आलं आणि अस्तित्ववाद घरोघर पोचला. त्यात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण आहे. कारागिराच्या डोक्यात सुरीचा आकार आणि उपयोग आधी असतो, मग सुरी घडते. माणसाचं तसं नाही. तो आधी जगात येऊन पडतो, आणि तो कोण हे त्याच्या करण्यातून मागाहून ठरत जातं. त्याच व्याख्यानात एका विद्यार्थ्याची हकिगत येते. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये हा मुलगा सार्त्रकडे सल्ला मागायला आला होता. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला. बापाचं आईशी पटेनासं झालेलं, शिवाय त्याचा कल जर्मनांना सामील होण्याकडे. आई या मुलाच्या आधारावर जगत होती. मुलाला भावाचा सूड घ्यायचा होता, इंग्लंडला जाऊन मुक्त फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हायचं होतं. गेला तर आई मोडून पडणार हे नक्की. गेल्याने देशाचा काही फायदा होईल हे मात्र नक्की नाही, कारण वाटेत स्पेनमध्येच एखाद्या छावणीत तो अडकून पडू शकतो किंवा पोचल्यावर त्याला कचेरीत कागद लिहायला बसवलं जाऊ शकतं.

सार्त्र एकेक आधार तपासतो. ख्रिस्ती धर्म प्रेम करायला सांगतो, पण आईवर की लढणाऱ्या देशबांधवांवर, ते सांगत नाही. कांटच्या नीतीलाही इथे पेच पडतो. मनाचा कौल घ्यावा तर मन कुठे झुकतं हे कृती केल्याखेरीज कळत नाही. सल्लागारही आपणच निवडतो, आणि निवडतानाच आपल्याला कोणता सल्ला हवा आहे ते ठरलेलं असतं. शेवटी सार्त्र त्याला सांगतो, की तू मोकळा आहेस, तेव्हा तूच ठरव.

हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ते द्यायला धैर्य लागतं. शिक्षकाकडे आलेल्या मुलावर आपलं मत लादणं फार सोपं असतं. दहावीचा निकाल लागला की सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाऐवजी सगळेच ठरवतात, हे आपण दर जून-जुलैत पाहतो. तरीही सार्त्रचं हे पान वाचताना मला दर वेळी काहीतरी अपुरं वाटतं. तो मुलगा उठून गेल्यावर काय झालं, हे त्या व्याख्यानात नाही. उदाहरण म्हणून त्याचं काम झालेलं होतं.

आता याच्या बराच आधीचा दुसरा प्रसंग. बुबरने तो स्वतःच लिहून ठेवला आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एके दिवशी एक अनोळखी तरुण त्याला भेटायला आला. बुबर सकाळभर धार्मिक तंद्रीत होता. त्याने तरुणाचं नीट स्वागत केलं, मोकळेपणाने बोलला, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. मनाने मात्र तो तिथे नव्हता. तरुणाने जे प्रश्न विचारले नाहीत, ते ओळखायचे राहून गेले. काही काळाने त्याच्या मित्राकडून बुबरला ते प्रश्न कळले. तो तरुण तोवर हयात नव्हता. गप्पा मारायला तो आला नव्हता, त्याला एका निर्णयाच्या क्षणी कोणीतरी सोबत हवं होतं. बुबर लिहितो, की या घटनेने त्याचा धर्माविषयीचा सगळा दृष्टिकोन बदलला. दैनंदिन जगण्यापासून वेगळे असे उदात्त क्षण त्याने सोडून दिले, आणि समोर येणाऱ्या माणसापाशी पूर्णपणे हजर असणं हेच त्याच्या विचाराचं केंद्र झालं. १९२३ साली आलेल्या त्याच्या 'मी आणि तू' या ग्रंथामागे हा अनुभव आहे.

दोन वर्षांनी हायडेलबर्गला आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. विषय होता मुलांमधल्या सर्जनशक्तींचा विकास. बुबरने व्याख्यानाची सुरुवातच या विषयाला आक्षेप घेऊन केली. त्याचं म्हणणं असं: मुलाला मातीत हात घालू द्यावा, चित्र काढू द्यावं, हे चांगलंच. पण स्वतःच्या निर्मितीत रमलेलं मूल एकटंच असतं. वस्तू करता येणं निराळं आणि कोणाशी तरी जोडलं जाणं निराळं. सक्तीच्या विरुद्ध टोकाला स्वातंत्र्य असतं असं आपण धरून चालतो. बुबर तिथे आपुलकीचं, बांधिलकीचं नातं ठेवतो. स्वातंत्र्याची वाट ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येत नाही हे त्याला मान्य आहे, पण त्या वाटेवरच घर बांधून राहता येत नाही. पुढे तो एक बारीक गोष्ट सांगतो, जी प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवावी अशी आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बाजूनेही प्रसंग अनुभवायचा असतो: मी ओरडलो तेव्हा त्या बाकावरून ते कसं ऐकू गेलं असेल? विद्यार्थ्याने मात्र शिक्षकाची बाजू तशी अनुभवावी, अशी अपेक्षा करायची नसते. हे नातं खरं असतं, पण ते दोन्हीकडून सारखं नसतं. ज्या दिवशी ते सारखं होईल त्या दिवशी ते मैत्रीचं होईल, शिक्षणाचं राहणार नाही.

बालकेंद्री शिक्षण आणि अस्तित्ववाद एकच, असा समज आपल्याकडे आहे. त्याचा उलगडा इथेच होतो. रूसोपासून चालत आलेला विचार असा, की मुलात मूळचा एक चांगला स्वभाव आहे, त्याला मोकळी जागा द्या म्हणजे तो उमलेल. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गुजरातेत, नंतर ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला केलेल्या कामाला या परंपरेचं आणि माँटेसरीचं बळ होतं, आणि महाराष्ट्राने त्यांचे उपकार मानावेत असं ते काम आहे. अस्तित्ववादी मात्र या गृहीतापाशीच थांबतो. उमलायला आत काही ठरलेलं नाही, असं तो म्हणतो. मूल मोठं होताना स्वतःला उलगडत नाही, ते स्वतःला ठरवत जातं, आणि त्यात चुकण्याचा धोका असतो. म्हणून इथे शिक्षकाची जागा जास्त अवघड आहे. जो स्वभाव उमलण्याची वाट पाहायची, तोच आधी अस्तित्वात नसतो.

आपल्या शाळांत आता प्रत्येक घटकाला अध्ययन निष्पत्ती असतात. पहिली-दुसरीतल्या मुलाला वाचता यावं, पाचवीत जाईपर्यंत भागाकार यावा, याबद्दल कोणाचंही दुमत नसावं. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जातं, तिथल्या मुलासाठी वाचता येणं हीच स्वातंत्र्याची पहिली पायरी असते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ व्हॅन क्लीव्ह मॉरिस याने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात हे मान्य केलं आहे. त्याच्या मते माणसाला 'मी आहे, आणि माझं मलाच ठरवायचं आहे' ही जाणीव साधारण वयात येताना पहिल्यांदा होते, आणि अस्तित्ववादी शिक्षणाचा खरा प्रांत तिथून सुरू होतो. त्याआधीची कौशल्यं शिकवायलाच हवीत. माझा आक्षेप निष्पत्तींवर नाही. सार्त्रच्या सुरीसारखं अख्खं मूलच आधी आखून ठेवता येतं, असा जो विश्वास त्या तक्त्यांमागून हळूच आत शिरतो, त्यावर आहे. सातवीतल्या मुलाने वर्गमित्राच्या मृत्यूनंतर विचारलेला प्रश्न कोणत्या निष्पत्तीत बसवणार? शाळा अशा वेळी एक मिनिट शांत उभी राहते आणि पुढच्या तासाची घंटा होते. मृत्यू, भीती, एकटेपणा, अपराधीपणा हे विषय मुलांच्या आयुष्यात अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधी पोचलेले असतात.

या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण एका प्राथमिक शिक्षकावर आहे. आल्बेर कामू १९१३ साली अल्जीरियात जन्मला. पुढच्याच वर्षी त्याचे वडील मार्नच्या लढाईतल्या जखमांनी गेले. अल्जिएर्सच्या बेलकूर वस्तीत आजी, आई, भाऊ आणि मामा यांच्याबरोबर तो वाढला. आईला नीट ऐकू येत नसे, लिहिता-वाचता येत नसे. ती लोकांची घरं झाडून-पुसून संसाराला हातभार लावायची. घरात पुस्तक नव्हतं. आजीचा हिशेब साधा होता: पोराने प्राथमिक शाळा संपवावी आणि कुठेतरी उमेदवारी करून चार पैसे आणावेत.

लुई जेर्मँ हे त्याचे शिक्षक. ते स्वतः युद्धावर जाऊन आलेले होते. त्यांनी कामू आणि आणखी दोन-तीन मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर फुकट शिकवलं. आजी ऐकेना तेव्हा ते घरी गेले आणि तिची समजूत काढली. १९२४ साली कामू शिष्यवृत्तीवर माध्यमिक शाळेत गेला. पुढे १९५७ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा आईनंतर त्याला आठवले ते हे शिक्षक. त्याने त्यांना आभाराचं पत्र लिहिलं आणि स्वीडनमधली भाषणं त्यांनाच अर्पण केली. कामू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, १९९४ साली, त्याची अपुरी कादंबरी 'पहिला माणूस' छापून आली. तिच्यातला गुरुजी हे जेर्मँचंच रूप आहे. तो मुलांना युद्धावरची कादंबरी वाचून दाखवतो, मुलं रडतात. तो शिक्षाही करतो, आणि ती शिक्षा कामूने लपवलेली नाही. पण त्या वर्गात मुलांना पहिल्यांदा असं वाटतं, की आपण कोणीतरी आहोत आणि जग समजून घ्यायला आपण लायक आहोत.

सार्त्रच्या कसोटीने पाहिलं तर जेर्मँनी चूकच केली. मुलाचा निर्णय त्यांनी जवळजवळ स्वतःच घेतला, घरच्यांचा विरोध मोडून काढला. पण ते घरी गेले नसते तर त्या मुलापुढे निवड करायला दुसरा रस्ताच उरला नसता. स्वातंत्र्य आपोआप उघडं पडलेलं नसतं. बेलकूरच्या पोरासाठी ते कोणीतरी उघडून द्यावं लागलं. आणि उघडून दिल्यावर जेर्मँ बाजूला झाले. १९५९ साली कामूला लिहिलेल्या पत्रात या म्हाताऱ्या शिक्षकाने म्हटलं आहे, की सगळ्या नोकरीत मी मुलातली सर्वांत पवित्र गोष्ट जपण्याचा प्रयत्न केला, ती म्हणजे स्वतःचं सत्य स्वतः शोधण्याचा त्याचा हक्क. अस्तित्ववादी शिक्षणावरची जाडजूड पुस्तकं वाचून मला जे मिळालं नाही ते या पत्रात मिळालं. कामू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नसे, आणि जेर्मँच्या तर तो शब्द स्वप्नातही नसेल.

परिस्थितीचा हा मुद्दा सिमोन द बोव्हारने सर्वांत नीट मांडला. १९४९ सालच्या 'द सेकंड सेक्स'मध्ये मुलगी कशी घडवली जाते याचा तिने बारकाईने माग काढला आहे. मुलाला झाडावर चढायला सोडतात, मुलीला फ्रॉक मळेल म्हणून खाली बसवतात. पुढे तीच मुलगी धीट नाही, असा तिच्या स्वभावाचा दाखला देतात. स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण ते वापरायची जागा प्रत्येकाला सारखी मिळत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पटवायला फ्रान्सचं उदाहरण लागू नये. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते, आणि शिपाई नसला तर त्यांना दिवसभर पाणी मिळत नव्हतं. दुसऱ्याच्या नजरेत आपण वस्तू होऊन जातो, असं सार्त्रने लिहिलं. त्या वर्गात ते रोज, शाळेच्या नियमाने घडत होतं. 'तू मोकळा आहेस, निवड कर' हे वाक्य अशा वर्गात उच्चारण्याआधी शिक्षकाने गोणपाट उचलायला हवं.

या परंपरेची काळी बाजू झाकून ठेवली तर हे पुस्तक अप्रामाणिक ठरेल. मार्टिन हायडेगर १९३३ च्या एप्रिलमध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला, मे महिन्यात नाझी पक्षात दाखल झाला, आणि २७ मेच्या भाषणात त्याने विद्यापीठीय स्वातंत्र्याची हकालपट्टी होणार असल्याचं जाहीर केलं. माणसाने गर्दीत हरवू नये, खरेपणाने जगावं, असं 'बीइंग अँड टाइम'मध्ये लिहिणाऱ्याने विद्यार्थ्यांना गर्दीच्या हवाली केलं. निर्धार, निर्णय, अस्सलपणा हे शब्द पोकळ झाले की कोणाच्याही कामी येतात, हे त्यातून दिसलं. १९६४ साली जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नोने या भाषेवर टीका करणारं एक अख्खं पुस्तकच लिहिलं. ते पुस्तक अस्तित्ववादावर प्रेम करणाऱ्यांनी आवर्जून वाचावं.

बोव्हारचीही गोष्ट आहे. एका विद्यार्थिनीच्या आईच्या तक्रारीवरून १९४३ साली तिची शिक्षकाची नोकरी गेली. पुढे तिच्या एका माजी विद्यार्थिनीने आठवणी लिहिल्या, आणि शिक्षिकेशी व सार्त्रशी जडलेल्या संबंधांतून झालेली जखम त्यांत उघडपणे मांडली. ज्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा आदर करण्याची नीती जगाला सांगितली, त्यांना आपल्या टेबलापलीकडच्या मुलीवर आपली केवढी सत्ता आहे हे दिसलं नाही, किंवा त्यांनी पाहिलं नाही. याला समर्थन नाही. शिक्षक-विद्यार्थी नातं दोन्हीकडून सारखं नसतं हा बुबरचा मुद्दा इथे तत्त्वज्ञानाचा राहत नाही, तो संरक्षणाचा होतो.

हायडेगर, बोव्हार आणि सार्त्र यांच्या मधोमध यास्पर्स ताठ उभा दिसतो. बायको गेरट्रूड ज्यू, म्हणून १९३७ साली नाझींनी त्याला प्राध्यापकपदावरून काढलं. पुढच्या वर्षी लिहिलेलं छापायलाही बंदी आली. दोघं हायडेलबर्गमध्ये मरणाच्या छायेत राहिली. मार्च १९४५ च्या अखेरीस अमेरिकी सैन्य शहरात शिरलं नसतं, तर त्यांना छावणीत नेण्याचा दिवस ठरलेला होता. सुटका झाल्यावर यास्पर्सने हाती घेतलं ते विद्यापीठ पुन्हा उभं करण्याचं काम. १९२३ साली लिहिलेलं 'विद्यापीठाची संकल्पना' हे पुस्तक त्याने १९४६ मध्ये नव्याने लिहून काढलं. ठरलेला पाठ पुढे देणारं शिक्षण, गुरूच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरणारं शिक्षण आणि सॉक्रेटिसचं शिक्षण असे तीन प्रकार त्याने त्यात सांगितले. तिसऱ्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच पातळीवर उभे राहून शोध घेतात. गुरूला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या आपल्या समाजाने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक नीट वाचावा. हायडेगरला पुन्हा शिकवू द्यावं का, असं १९४५ च्या अखेरीस फ्रायबुर्गच्या चौकशी समितीने विचारलं, तेव्हा यास्पर्सने जुन्या मित्राबद्दल स्पष्ट लिहिलं: त्याचं संशोधन चालू राहावं, पण त्याची विचार करण्याची रीत मोकळी नाही, हुकूमशाही आहे, संवाद होऊ देत नाही, आणि आजच्या विद्यार्थ्यांना ती घातक ठरेल. विद्वत्ता आणि शिकवण्याची लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या जबाबदारीने कोणी क्वचितच सांगितलं असेल.

पुढची वाट अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये जाते. पाउलो फ्रेरेच्या 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड'मध्ये सार्त्र, यास्पर्स आणि बुबर तिघेही भेटतात. फ्रेरेने त्यांचा विचार शेतमजुरांच्या साक्षरता वर्गापर्यंत नेला. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये मॅक्सिन ग्रीन हिने १९७३ साली 'टीचर ॲज स्ट्रेंजर' लिहिलं. तिचं सांगणं असं, की दीर्घकाळ बाहेर राहून घरी परतलेल्या माणसाला रोजच्या गोष्टी नव्याने दिसतात, तसं शिक्षकाने आपल्याच वर्गाकडे पाहावं. हजेरी, घंटा, बाकांच्या रांगा हे सगळं असंच का आहे, हे त्याला पुन्हा विचारता यायला हवं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिने कादंबऱ्या आणि चित्रं आणली. कामूची 'प्लेग' वाचणारा शिक्षक मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या शिक्षकापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी वर्गात जातो, असा तिचा अनुभव होता.

मराठीत ही वाट आधीपासून आहे. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ला अस्तित्ववादी म्हणावं की नाही, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं. त्या वादात मला पडायचं नाही. मला ती इथे हवी आहे, कारण ती शिक्षणाची कादंबरी आहे. खानदेशातून पुण्याला कॉलेजात आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेस आणि परीक्षा यांतून वर्षामागून वर्षं जातो आणि हाती काही न लागता गावी परततो. मधल्या काळात धाकटी बहीण मनी मरते. त्या मरणाने त्याला जे विचारलं त्याचं उत्तर, नुसता त्या प्रश्नाचा उच्चारसुद्धा, त्याच्या कॉलेजात कुठे नाही. साहित्याच्या वर्गात ही कादंबरी शिकवली जाते. अध्यापक विद्यालयांत ती कोणी लावत नाही. लावावी, अशी माझी विनंती आहे.

अस्तित्ववाद शिक्षणाचे सगळे प्रश्न सोडवत नाही. शाळेला छप्पर नसलं, एका शिक्षकाकडे चार इयत्ता असल्या, तर त्यावर किर्केगार्डकडे उपाय नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या न विचारलेल्या प्रश्नाकडे लक्ष द्या, असं शिक्षकाला सांगणं अन्यायाचं आहे, आणि पटसंख्येचा प्रश्न म्हणूनच तत्त्वज्ञानाचाही प्रश्न आहे. बुबरने ज्या हजर असण्याबद्दल लिहिलं, त्याला वेळ लागतो. अशैक्षणिक कामांत शिक्षकाचा वेळ जातो तेव्हा नेमकी हीच गोष्ट आधी संपते.

पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. वेळ थोडा असेल तर जेर्मँवरचं प्रकरण आधी वाचावं, मग बुबरचं. सार्त्रकडे त्यानंतर यावं. म्हणजे त्याचं मोठेपण आणि त्याचं अपुरेपण दोन्ही नीट दिसतील. परीक्षेसाठी टिपणं काढायला हे पुस्तक फारसं उपयोगाचं नाही. शिकवणाऱ्या वाचकांना मात्र एक आग्रहाची विनंती आहे: तुमच्या वर्गात यातलं काय टिकतं आणि काय कोलमडतं, ते जरूर कळवा. विरोधी मतं आली तर पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा देण्यात येईल.